कानावर पडणारा इतिहास

महाराष्ट्राने आपला इतिहास आधी ऐकला आणि मग वाचला. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातच डफावर गाइला गेला. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला बखर लिहिली ती १६९७ च्या सुमारास, आणि वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापून हाती आला तो थेट १८९८ मध्ये. मधल्या दोन शतकांत सामान्य मराठी माणसापर्यंत इतिहास पोहोचला तो शाहिराच्या, हरिदासाच्या आणि घरातल्या आजीच्या तोंडून. पुढे पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला उभी राहिली, १९४८ मध्ये नागपूरला आकाशवाणी केंद्र आले, आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्या शिवचरित्राच्या व्याख्यानांनी तर दोन-तीन पिढ्यांचे कान घडविले. तेव्हा ‘पॉडकास्ट’ म्हणून आज जे ऐकले जाते, त्यातली पेटी नवी आहे. ऐकण्याची सवय जुनीच आहे.

हा शब्द अवघ्या वीसेक वर्षांचा. २००४ मध्ये एका ब्रिटिश पत्रकाराने तो सहज सुचविला आणि पुढच्याच वर्षी ‘अॅपल’ने आपल्या संगणक-प्रणालीत अशा ध्वनिमालांना जागा करून दिली. २००७ ते २०१२ या काळात माइक डंकन नावाच्या अमेरिकन तरुणाने एकट्याने बसून रोमचा संपूर्ण इतिहास भागाभागाने सांगितला, आणि घरच्या माइकसमोर बसूनही जगाला इतिहास सांगता येतो हे सिद्ध झाले. २०२० मध्ये टॉम हॉलंड आणि डॉमिनिक सँडब्रुक या दोन इंग्रज इतिहासकारांची गप्पांची मालिका सुरू झाली. आज तिचे श्रोते जगभर आहेत. भारतात या साऱ्याला वाट मिळाली ती २०१६ मध्ये मोबाइलवरचे इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले तेव्हा. गोंदिया जिल्ह्यातले सौंदड हे सडक अर्जुनी तालुक्यातले गाव मुंबई-कोलकाता महामार्गालगतचे आणि गोंदिया-नागभीड रेल्वेमार्गावरचे. एके काळी येथून बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद रुळांची गाडी धावत असे. आता त्याच स्थानकावर गाडीची वाट पाहणारा महाविद्यालयीन विद्यार्थी कानात बोंडुक घालून पानिपताची कथा ऐकताना दिसावा, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही राहिलेले नाही. ग्रंथालय तालुक्याच्या गावी असते, खंड महाग असतात. खिशातला फोन मात्र सदैव जवळ असतो.

ऐकणे हे वाचण्यासारखे सवड मागत नाही, हा त्याचा मोठा गुण. धानाच्या बांधीत रोवणी चालू असताना, स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना, सडक अर्जुनीहून गोंदियाला दुचाकीने जाताना इतिहास ऐकता येतो. ज्या घरात पुस्तक येत नाही तेथेही आवाज येतो. म्हणूनच या माध्यमाकडे करमणुकीचा आणखी एक प्रकार म्हणून पाहून चालणार नाही. उद्याच्या मतदाराची, शिक्षकाची, कार्यकर्त्याची इतिहासाची समज पुष्कळ अंशी येथे घडणार आहे. अनेकांच्या बाबतीत ती घडूनही गेली आहे. ती कशी घडते आहे, हा खरा प्रश्न.

चांगला निवेदक ऐकताना सुख वाटते ते कशामुळे? आवाज गोड असणे हे त्याचे एक कारण झाले, पण ते गौण. मुख्य कारण असे की, चांगला निवेदक श्रोत्याला निकाल ऐकवून मोकळा होत नाही; निकालापर्यंतची वाट तो बरोबर चालवितो. शिवजन्माच्या तिथीचाच विषय घ्यावा. एके काळी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल, हीच तिथी सर्वमान्य होती. भोरजवळच्या कारी येथील जेध्यांच्या घराण्यात एक शकावली सापडली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद होती. मग परमानंदाच्या ‘शिवभारता’ने तिला दुजोरा दिला. दूर राजस्थानात, जोधपूरला, एक जन्मपत्रिका मिळाली, तीही याच तिथीशी जुळली. वाद दशकानुदशके चालला, आणि या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र शासनाने १६३० ची तारीख स्वीकारली. ही हकीकत अर्ध्या तासात सांगता येते आणि तिच्यात एखाद्या तपासकथेइतकी उत्कंठा आहे. ती ऐकून उठणारा सोळा वर्षांचा मुलगा केवळ एक तारीख पाठ करीत नाही. घराण्यातल्या एका जुन्या कागदाचे मोल काय असते, हे त्याला कळते. आपल्या घराच्या माळ्यावरची पेटी उघडून पाहण्याची इच्छा त्याला झाली, तर त्या निवेदकाचे सार्थक झाले.

पानिपताचेही तसेच. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारचे रण प्रत्येक जण रंगवितो. पण लाख माणसांची आणि हजारो जनावरांची ती छावणी दोन-अडीच महिने कशावर जगली, गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसद कशी आटली, यात्रेकरू आणि बुणगे बरोबर असण्याचा सेनेला काय भार झाला, पराभवाची बातमी माळव्यात असलेल्या नानासाहेबांना कशी कळली, हे सांगणारा निवेदक विरळा. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर लिहिले तेव्हा त्यांचा भर अशाच प्रश्नांवर होता. धान्य, चारा, अंतर, ऋतू, पैसा यांच्याविषयी ऐकताना श्रोत्याला त्या माणसांचे धैर्य अधिक कळते, कमी नव्हे. शेतकऱ्याच्या घरातल्या श्रोत्याला तर हे पटवून द्यावे लागत नाही. बैलाला चारा नसला म्हणजे काय होते, हे त्याला ठाऊक असते.

त्रास होतो तो कशाचा? याची यादी लांब आहे आणि ती सर्वांच्याच अनुभवाची आहे. पहिली दहा मिनिटे ‘नमस्कार मित्रांनो’, वर्गणीदार होण्याची विनंती आणि प्रायोजकाचे गुणगान. मग तुतारी. मग नगारे. निवेदकाचा आवाज त्या नगाऱ्यांवर मात करण्यासाठी एवढा चढतो की शत्रू येण्याआधीच श्रोता दमतो. बाजीप्रभू घोडखिंडीत उभे आहेत आणि नेमक्या त्या क्षणी एखाद्या कर्जपुरवठा कंपनीची जाहिरात सुरू होते. कीर्तनकारही उत्तररंगात कथा ऐन रंगात आली की थांबत असे. पण तो अभंगासाठी.

याहून गंभीर दोष दुसरे. ‘हे तुम्हाला आजवर कोणीच सांगितले नाही’ या वाक्याने ज्या कथनाची सुरुवात होते, तेथे सावध व्हावे. जे ‘कोणीच सांगितले नाही’ म्हणून पुढे केले जाते, ते बहुधा सरदेसाई, शेजवलकर, सेतुमाधवराव पगडी किंवा गजानन मेहेंदळे यांनी कधीच लिहून ठेवलेले असते. नाहीतर ते कुठेच नसते. दोन्ही बाबतींत श्रोत्याची फसवणूक होते. मुलाखतींचा प्रकार त्याहून विचित्र. तीन-तीन तासांच्या गप्पांत पाहुणा वाटेल ते विधान करतो आणि यजमान ‘वा, वा’ म्हणत मान डोलावतो. ‘हे कशावरून?’ हे दोन शब्द एकदाही उच्चारले जात नाहीत. मेहेंदळे यांनी शिवचरित्राच्या साधनांसाठी फारसीसारख्या भाषा शिकून घेतल्या आणि आयुष्याची कित्येक वर्षे दप्तरांत घालविली. त्यांच्या एका तळटीपेमागचे कष्ट अशा तीन तासांच्या गप्पांना झेपणारे नाहीत. ध्वनिमालेत तळटीप देता येत नाही, ही सबबही टिकणारी नाही. ‘जेधे शकावलीत असे आहे’, ‘ही गोष्ट नंतरच्या बखरीत येते, समकालीन कागदांत नाही’ एवढे एक वाक्य बोलायला चार सेकंद पुरतात.

उच्चारांविषयी तर न बोललेले बरे. इंग्रजी पुस्तकांवरून संहिता लिहिणारे शिंद्यांना ‘सिंधिया’ आणि भोसल्यांना ‘भोन्सले’ करतात. आता तर यंत्रनिर्मित आवाजात इतिहास सांगणाऱ्या वाहिन्यांचा पूर आला आहे. त्या आवाजाला वैनगंगा ही नदी आहे की व्यक्ती आहे याचा पत्ता नसतो. तो आवाज कधी अडखळत नाही, त्याला कधी शंका येत नाही. इतिहास सांगणाऱ्याला शंका येत नसेल, तर त्याने दुसरा विषय निवडावा हे उत्तम.

याच ठिकाणी राष्ट्रीय विचारांच्या मंडळींनी स्वतःकडेही पाहायला हवे. तानाजी मालुसऱ्यांच्या घोरपडीची कथा, कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा, प्रतापराव गुजरांबरोबरच्या सहा वीरांची नावे, या गोष्टी समाजमाध्यमांवर फिरविताना आणि ध्वनिमालांतून सांगताना त्यांना समकालीन आधार आहे की नाही, याचा विचार फार थोडे लोक करतात. घोरपड नसली म्हणून ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडाचा कडा चढणाऱ्यांचे शौर्य तसूभरही उणे होत नाही. उलट दोराने तो कडा चढणे अधिक थरारक वाटते. शिवछत्रपतींनी स्त्रियांच्या सन्मानाविषयी घेतलेली कठोर भूमिका दाखविण्यासाठी प्रत्यक्ष कागदोपत्री आधार उपलब्ध असताना नाटकी प्रसंगाची गरज कशाला? दंतकथा दंतकथा म्हणून सांगावी. तिचे स्वतःचे सौंदर्य आहे. ती पुरावा म्हणून पुढे केली की प्रतिपक्षाला एक कथा खोटी ठरविणे पुरते, आणि त्या एका कथेच्या आडून तो सगळ्या इतिहासालाच काल्पनिक म्हणून मोकळा होतो. दहा खऱ्या गोष्टींचे बळ एका सैल विधानाने वाया गेल्याची उदाहरणे प्रत्येक कार्यकर्त्याने चर्चेच्या व्यासपीठावर पाहिली असतील.

परदेशी ध्वनिमालांचा दोष निराळा. विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांची साम्राज्यांवरची मालिका २०२२ मध्ये सुरू झाली ती ईस्ट इंडिया कंपनीपासून. त्या आधी आणि नंतरही इंग्रजीत या विषयावर पुष्कळ बोलले गेले आहे. कथनाची सफाई वाखाणण्याजोगी, यात शंका नाही. आपल्याकडच्यांनी ती शिकावी. परंतु इंग्रजी कथनाची एक जुनी खोड आहे: मोगल मावळले आणि इंग्रज उगवले, मधल्या काळात काही लुटारू घोडेस्वार येऊन गेले. ११ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी दिल्ली जिंकली ती शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून. त्याच वर्षी असई, अडगाव आणि गाविलगड येथे लढाया झाल्या. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटक प्रांत आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. हिंदुस्थानचे राज्य इंग्रजांनी कोणाकडून घेतले, या प्रश्नाचे उत्तर त्या तारखांत आहे. हे उत्तर मराठीतून, साधार आणि ऐकावेसे वाटेल अशा रीतीने सांगणारी ध्वनिमाला ही खरी निकड आहे.

मात्र ती सांगताना सोयीचे तेवढेच सांगून चालणार नाही. सौंदडहून महामार्ग ज्या दिशेने पूर्वेला जातो, त्याच दिशेने अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगड, ओडिशा आणि बंगालपर्यंत गेली. १७४४ मध्ये भास्करराम कोल्हटकरांना वाटाघाटीसाठी बोलावून अलिवर्दीखानाने त्यांना दग्याने मारले. १७५१ च्या तहाने बारा लाखांची चौथाई आणि ओडिशा रघूजी भोसल्यांच्या पदरात पडला. जगन्नाथपुरीच्या मंदिरासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभा केला गेला तो या मराठा अमलातच. हे सारे अभिमानाचे. पण त्याच १७५१ साली गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिले, आणि त्यात बर्गींच्या स्वाऱ्यांनी बंगालच्या खेड्यापाड्यांची जी दशा केली तिचे वर्णन आहे. बंगालमध्ये अंगाईगीतातही बर्गी येतात. पुरीचा स्तंभ सांगायचा आणि गंगाराम गाळायचा, हे मराठी निवेदकाने केले तर इंग्रजी निवेदकाला नावे ठेवण्याचा त्याचा अधिकार संपतो. बंगालमधला हिंदू श्रोताही आज तेच कथन ऐकतो आहे, हे विसरून कसे चालेल? ज्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाविषयी खात्री असते, त्याला त्यांच्या चुका ऐकताना कापरे भरत नाही.

आणि आता सौंदडच्या अंगणातली गोष्ट. झाडीपट्टीचा इतिहास कोणत्याही ध्वनिमालेत सहजी ऐकू येत नाही. येथील मुलाला रोमचे सम्राट क्रमाने सांगता येतात. १८१८ मध्ये कामठा जमीनदारीच्या चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता, हे त्याच्या कानावर पडलेले नसते. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला गोंड समाज दूरदूरच्या राज्यांतून येतो, त्या यात्रेमागची परंपरा त्याच समाजातल्या जाणत्यांच्या तोंडून ऐकण्यासारखी आहे. आणि नवेगावबांध तर अगदी शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. टेकड्यांच्या मधली फट बांध घालून अडविली आणि एवढा प्रचंड जलाशय निर्माण केला तो कोलू पाटील कोहळी यांनी, अठराव्या शतकाच्या प्रारंभी, असे परंपरा सांगते. इंग्रजी गॅझेटियरांनीही ती परंपरा नोंदविली आहे. सभोवतालच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. त्यांनी बांध घालायला हात दिला अशी श्रद्धा आहे. कोलू पाटील स्वतः ‘कोलासूर देव’ होऊन तेथे पूजिले जातात. तलाव बांधणारा माणूस देव झाला, अशी उदाहरणे जगाच्या इतिहासात किती असतील? मारुती चितमपल्लींनी याच परिसरात वनाधिकारी म्हणून वर्षानुवर्षे राहून येथील पाखरांना आणि रानाला मराठी साहित्यात नेऊन बसविले. तलाव बांधणाऱ्यांच्या विद्येला तसा सांगणारा अजून भेटायचा आहे.

ती विद्या साधी नव्हती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मालगुजारी काळातले हजारो तलाव आहेत. पूर्वीच्या मालगुजारांचे म्हणून सरकारदरबारी त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. उतार कसा पाहावा, पाळीला माती कोणती घालावी, जादा पाणी कोठून काढून द्यावे, वरच्या तलावातून सांडलेले पाणी खालच्या तलावात कसे घ्यावे, हे कोहळी समाजाने कागदावर न मांडता पिढ्यानपिढ्या जपले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले, आणि पाण्याची पाळी ठरविणारी, गाळ काढण्याची गावकी मोडत गेली. ती गावकी ज्याने कळत्या वयात प्रत्यक्ष पाहिली, तो माणूस आज पंच्याऐंशीच्या घरात किंवा त्याच्याही पुढे असणार.

ज्या फोनवर रोमचा इतिहास ऐकला जातो, त्याच फोनला आवाज टिपण्याची सोय असते. शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकाने, शाखेतल्या तरुणाने, सुट्टीवर आलेल्या अभियंत्याने आपल्या गावच्या तलावाविषयी एका वृद्धाला तासभर बोलते केले, बोलणाऱ्याचे नाव, वय, दिवस आणि गाव आरंभीच नोंदले, त्याची अनुमती घेतली आणि मध्ये आपली मते घुसडली नाहीत, तर ते ध्वनिमुद्रण उद्याच्या संशोधकाच्या दृष्टीने जेधे शकावलीसारखेच साधन ठरू शकते. नगारे नकोत, तुतारी नको. पाळीवरचा वारा आला तर येऊ द्यावा. दोन वृद्धांनी दोन निराळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही तशाच ठेवाव्यात. खरे कोणाचे हे ठरविण्याची घाई नोंद करणाऱ्याला नसावी. दंडारीतली जुनी सोंगे आणि खडी गंमत ज्यांना मुखोद्गत आहे, अशा कलावंतांचेही हेच.

हे काम करायला मोसमही ठरलेला आहे. दिवाळी झाली, हलके धान निघाले की भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. लेकी माहेरी येतात, नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याला गेलेली मुले परततात, आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटके रंगतात. एरवी खाटेवर पडून असलेले आजोबाही त्या दिवशी धोतर नेसून अंगणात येऊन बसतात, आणि नाटकाला अजून चार तास अवकाश असतो.